सात कोर्स आणि दोन खडे

पहिला मुतखडा झाला तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याच्या वाघिणी भरून यायच्या आणि आमच्या गल्लीत टँकर कधी लागणार यावर घरातला दिवस ठरायचा. पिण्याचं पाणी तांब्यानं मोजून वापरायचो. आधी सासूबाई, मग लेक, मग हे, आणि शेवटी मी. हा क्रम कुणी लावून दिला नव्हता. घरातल्या बाईकडून तो आपोआप लागतो.

पण माझ्या खड्याची सुरुवात दुष्काळाच्याही आधीची होती. औसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. बायकांसाठी शाळेत एक संडास होता. त्याला कुलूप असायचं, आणि कुलूप काढलं तरी आत पाणी नसायचं. सकाळी साडेनऊला घर सोडलं की संध्याकाळी सहापर्यंत लघवीला जायची सोय नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. आम्ही तिघी शिक्षिका होतो, तिघींनीही हेच अंगवळणी पाडून घेतलं होतं. माझी त्यात बारा वर्षं गेली.

कळ रात्री दोनला आली. उजव्या कंबरेतून उठून जांघेत उतरली. थोडी ओसरायची आणि परत दुप्पट जोरानं यायची. उठवत नव्हतं, बसवत नव्हतं, पाण्याचा घोट घेतला की उलटी. सोनोग्राफीत पाच मिलीमीटरचा खडा मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला दिसला. इंजेक्शन, गोळ्या, आणि नवव्या दिवशी तो आपला आपण पडला. काडेपेटीत जपून ठेवला होता, पुढे घर बदलताना हरवला. तो तपासून घ्यायला हवा, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

एका दवाखान्यात मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली गेली: खडा कॅल्शियमचा असतो, दूध, दही, ताक सगळं बंद करा. मी केलं. ज्या घरात भाकरीबरोबर ताकाचा पेला असतोच, तिथं सहा वर्षं मी ताक तोंडाला लावलं नाही. दुधाचा चहा सोडून कोरा चहा घ्यायला लागले. सासूबाईंनी हुलग्याचं माडगं सुरू केलं, आठवड्यातून एकदा शेंगुळे. हुलग्यानं खडा विरघळतो असं आमच्याकडे सगळेच मानतात. मी तसं म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी वाटीभर गरम पातळ पोटात जायचं, आणि ते करून देणाऱ्या हाताची माया त्यात होती, एवढं मला ठाऊक आहे.

नंतरच्या वर्षांत माझं हिमोग्लोबिन नऊवर आलं. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी पालक आणि बीटचा रस प्यायला लागले. करोनाच्या काळात त्यावर क जीवनसत्त्वाची गोळीही घेत होते. आणि लघवीची जळजळ तर मागेच लागली होती. तासन्‌तास लघवी धरून ठेवणाऱ्या बाईला जंतुसंसर्ग वरचेवर होतो. जळजळ झाली की जवळच्या दवाखान्यात जायचं, चिठ्ठी घ्यायची, पाच-सात दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायचा. लघवी कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो हे बघायला, पाठवली असं एकदाही झालं नाही. पुढे तर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणायला लागले. ही माझी चूक, आणि ती मी आज उघडपणे सांगते, कारण आमच्या शाळेतली प्रत्येक बाई अजूनही हेच करते.

जून २०२२ मध्ये दुसरा खडा. या वेळी डाव्या बाजूला, नऊ मिलीमीटर, मूत्रवाहिनीत अडकलेला, आणि अंगात थंडी वाजून ताप. खडा अडकलेला असताना ताप येणं म्हणजे वाट न बघता दवाखाना गाठायची वेळ, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. लघवी तुंबलेली आणि त्यात जंतू, हे किडनीला आणि जिवालाही धोक्याचं असतं. आधी रात्रीतच मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, टाकून तुंबलेली लघवी मोकळी केली. ताप उतरल्यावर दहा दिवसांनी दुर्बिणीनं खडा लेसरनं फोडून काढला. त्या वेळी घातलेला स्टेंट तीन आठवडे आत होता. शस्त्रक्रियेचं दुखणं फार नव्हतं. स्टेंटनं मात्र जीव नकोसा केला. दर अर्ध्या तासाला लघवीची भावना, लाल लघवी, आणि लघवी करताना कंबरेत वर चढत जाणारी कळ. तो काढला त्या दिवशी मी रिक्षात बसून रडले.

आता सगळं संपलं असं मी धरून चालले होते. आमच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी मात्र दोन गोष्टी केल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. खड्याचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. आणि मला म्हणाले, "मॅडम, गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन या."

त्यांना आधी वाटलं होतं की वारंवार संसर्ग होतो आहे म्हणजे हा जंतूंमुळे होणारा खडा असेल. तसे खडे वेगळ्या घडणीचे असतात. अहवाल आला तो कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा. ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांत असतो तो क्षार. म्हणजे खडा जंतूंनी घडवलेला नव्हता. मी आणि लेक फरशीवर बसून प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या चिठ्ठ्या तारखेनं लावत गेलो. ती वाचायची, मी वहीत लिहायची. सिप्रोफ्लॉक्सासिन, नायट्रोफ्युरँटोइन, सेफिक्झिम, परत सिप्रोफ्लॉक्सासिन, सल्फाची गोळी. सात कोर्स निघाले. "आई, सात?" लेकीनं विचारलं. मलाही तो आकडा तेव्हाच कळला.

ती वही बघून डॉक्टरांनी मला आतड्यातल्या जिवाणूंबद्दल पहिल्यांदा सांगितलं. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे घरी येऊन महिनाभर वाचत बसले.

ही गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागात हॅलोजेटन नावाची एक रानवट वनस्पती फोफावली. तिच्यात ऑक्झलेट इतकं असतं की भुकेल्या मेंढ्यांचा कळप त्यात शिरला तर मेंढ्या पटापट मरतात. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिथलं विष वेगळं, पण भीती तीच. मात्र ज्या मेंढ्यांना ती वनस्पती थोडी थोडी खायची सवय होते, त्या तगतात. कारण त्यांच्या पोटात ऑक्झलेट खाणारे जिवाणू वाढलेले असतात. मिल्टन अ‍ॅलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये असा जिवाणू मेंढीच्या पोटातून वेगळा काढला आणि १९८५ मध्ये त्याचं नाव ठेवलं ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस. हा माणसाच्या आतड्यातही राहतो. ऊर्जेसाठी तो जवळजवळ फक्त ऑक्झलेटवर जगतो आणि त्याचं फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) व कार्बन डायऑक्साइड करतो. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगीच्या दंशातलं आम्ल, मी दरवर्षी आठवीला शिकवते तेच. माझ्या पोटात असलं काही चाललेलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

आपण भाजीतून खातो त्या ऑक्झलेटचा काही भाग आतड्यातून रक्तात जातो आणि तिथून किडनीत. शरीराला त्याचा काही उपयोग नाही. लघवीत ते जास्त झालं, त्यात लघवी कमी, की कॅल्शियमला धरून स्फटिक बनतात. जे ऑक्झलेट जिवाणूंनी आतड्यातच संपवलं, ते किडनीपर्यंत जातच नाही. बोस्टनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होणारे २४७ रुग्ण आणि खडे नसलेली २५९ माणसं तपासली. खडेवाल्यांपैकी १७ टक्क्यांच्या पोटात हा जिवाणू सापडला, बाकीच्यांत ३८ टक्क्यांच्या. आणि हा जिवाणू नेहमीच्या वापरातल्या कितीतरी अँटिबायोटिकांनी मरतो.

मग २०१८ चा अभ्यास वाचला. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून खडा झालेल्या सुमारे २६ हजार जणांची त्याच्या दहापट माणसांशी तुलना केलेली. खडा व्हायच्या आधीच्या तीन ते बारा महिन्यांत ज्यांनी तोंडावाटे अँटिबायोटिक घेतलं होतं, त्यांच्यात खड्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ते पाच गटांच्या औषधांबाबत. सल्फाच्या औषधांनी दुपटीहून जास्त, त्याखालोखाल सेफिक्झिम ज्या गटात येतं तो गट, मग नायट्रोफ्युरँटोइन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट, आणि पाचवा पेनिसिलिनचा. माझ्या वहीत पहिले चारही गट होते. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, हे मी मुलांना शिकवते आणि इथंही मानते. माझा खडा त्या सात कोर्समुळेच झाला असं मी शपथेवर सांगणार नाही. कमी पाणी, पालकाचा रस, बंद केलेलं ताक, हे सगळं त्यात आहेच. पण ते कोर्स कुणी मोजले नव्हते, याचं दुःख मला अजून आहे.

ऑगस्टमध्ये चोवीस तासांची लघवी गोळा करायची तपासणी झाली. ज्यांना ही सांगितली जाते त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट, प्रयोगशाळेनं दिलेल्या कॅनमध्ये जमा करायची. कॅनमध्ये आधीच औषध घातलेलं असतं, ते ओतून टाकायचं नाही. आणि त्या दिवशी शहाण्यासारखं वागायचं नाही. रोज जे खातो-पितो तेच खायचं-प्यायचं, नाहीतर तपासणीला अर्थ उरत नाही. शाळेच्या दिवशी हे शक्यच नव्हतं, म्हणून रविवार धरला. नेमके त्या दिवशी पाहुणे आले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात कॅन झाकून ठेवला होता. सासूबाईंना मी बिचकत बिचकतच सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यात लाज कसली गं, तुझ्याच अंगातलं आहे." दिवसभर त्यांनी न्हाणीघराकडे कुणाला फिरकू दिलं नाही.

निकाल: चोवीस तासांत लघवी १०५० मिलीलीटर. खडे होणाऱ्याची दोन लीटरच्या वर हवी. ऑक्झलेट ५८ मिलिग्रॅम, जे साधारण ४० च्या आत असावं. खडा रोखून धरणारं सायट्रेट २४० मिलिग्रॅम, म्हणजे कमी. आणि सोडियमवरून काढलेलं रोजचं मीठ जवळजवळ बारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत म्हणते. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, पापड. आमच्या ताटात मीठ कुठून येतं हे वेगळं सांगायला नको. जास्त मिठानं लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

इथं माझ्याकडून आणखी एक चूक झाली. चांगल्या जिवाणूंबद्दल इतकं वाचलं होतं की मला वाटलं, ते विकत मिळतात, घेऊ या. ओळखीच्या एकांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुचवल्या. रोज दोन, तीन महिने. महाग होत्या. त्या जोरावर मी बाकी काहीच बदललं नाही. सकाळचा रसही चालूच होता, कारण हिमोग्लोबिनची काळजी होती. दिवाळीनंतर परत चोवीस तासांची लघवी दिली. ऑक्झलेट ५६.

तो कागद घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले तेव्हा डोळे भरून आले होते. त्यांनी कॅप्सूलची डबी मागितली आणि मागची यादी मला मोठ्यानं वाचायला लावली. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम. "यात ऑक्झॅलोबॅक्टर आहे का?" नव्हता. तो हवेतल्या ऑक्सिजनमध्ये तग धरत नाही, त्याला वाढवणं अवघड. लॅक्टोबॅसिलसच्या काही जातीही थोडंफार ऑक्झलेट फोडतात, आणि २००१ मध्ये इटलीत सहा रुग्णांवर अशा जिवाणूंची पूड वापरून ऑक्झलेट कमी झालेलं दिसलं होतं. तिथून आशा वाढली. पण २००७ मध्ये अमेरिकेत खऱ्या आणि खोट्या (दिसायला तशाच, पण आत औषध नसलेल्या) औषधाची तुलना करून बघितलं तेव्हा फरक दिसला नाही. खुद्द ऑक्झॅलोबॅक्टरची कॅप्सूल करून जन्मजात ऑक्झलेट वाढण्याच्या दुर्मीळ आजारात दिली गेली, तिथंही खोट्या औषधापेक्षा ती सरस ठरली नाही.

मला सगळ्यात पटला तो अमेरिकेतल्या रानउंदरांवरचा प्रयोग. हे उंदीर फड्या निवडुंग खाऊन जगतात आणि त्यात ऑक्झलेट भरपूर. त्यांच्या आतड्यातली सगळी जिवाणूंची वसाहत प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिली तेव्हा त्यांच्या लघवीतलं ऑक्झलेट उतरलं आणि कित्येक महिने तसंच राहिलं. एकटा जिवाणू टिकत नाही. त्यानं सोडलेलं फॉर्मेट खाणारे दुसरे लागतात, त्यांना तिसरे. शेत एका बियाणानं होत नाही तसं. सात कोर्सनी उजाडलेलं शेत मी दोन कॅप्सूलनी पेरायला निघाले होते.

"मग आता काय करू?" मी विचारलं.

"ताक प्या," डॉक्टर म्हणाले. "जेवताना."

मला आधी वाटलं ते जिवाणूंसाठी सांगताहेत. ते म्हणाले, जिवाणूंचं जे व्हायचं ते होईल, मला त्यातलं कॅल्शियम हवं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, आणि दोघं मिळून शौचावाटे निघून जातात. ताक बंद केल्यानं सहा वर्षं माझ्या आतड्यातलं ऑक्झलेट मोकळं सुटलं होतं. इटलीतच २००२ मध्ये हे नीट तपासलं गेलं आहे. खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार, निम्म्यांना पुरेसं कॅल्शियम पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या साठांतल्या २३ जणांना परत खडा झाला, दुसऱ्या साठांतल्या १२ जणांना. दूध बंद करा हा सल्ला त्याआधीपासून दिला जात होता आणि अजूनही दिला जातो. याचा मला राग येतो.

डिसेंबरपासून घरचं ताट बदललं. दोन्ही जेवणांत ताकाचा पेला, त्यात मीठ नाही, जिरेपूड. चहा परत दुधाचा. पालक-बीटचा रस बंद. हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, तिनं चार महिन्यांत जे झालं ते रसानं तीन वर्षांत झालं नव्हतं. क जीवनसत्त्वाची गोळी बंद, कारण शरीरात त्याचंही ऑक्झलेट होतं. पालक, चुका, घोळ, राजगिऱ्याची भाजी क्वचित, आणि तीही उकडून पाणी टाकून, दह्याबरोबर. अळू घशाला खाजतं ते कशानं, ठाऊक आहे? त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुया असतात. माझ्या किडनीत होता त्याच क्षाराच्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं थक्क झाली. मेथी, शेपू, कोबी, दोडका, भोपळा खुशाल खाते. लोणचं सणाला. सकाळी एका लिंबाचं पाणी, आणि वर्षभर सायट्रेटचं औषध घेतलं.

पाणी सगळ्यात कठीण गेलं. तहान लागणंच शरीर विसरलं होतं. दिवसाला तीन लीटर, त्यातलं निम्मं शाळेत. म्हणजे शाळेतला संडास.

एप्रिल २०२३ मध्ये तिसरी तपासणी. लघवी २३०० मिलीलीटर, ऑक्झलेट ३३, सायट्रेट ३९०. कागद देवापुढे ठेवला नाही, पण सासूबाईंना वाचून दाखवला.

त्यानंतर दोनदा जळजळ झाली. आता आधी लघवी कल्चरला देते. एकदा त्यात काहीच वाढलं नाही, आणि भरपूर पाण्यानं दोन दिवसांत बरं वाटलं. दुसऱ्यांदा जंतू निघाला, त्याला लागू पडणारं औषध पाच दिवस घेतलं, एक दिवसही चुकवला नाही. अँटिबायोटिक नको असा माझा हट्ट नाही. त्या तापाच्या रात्री त्यांनीच मला वाचवलं. जळजळ नसताना लघवीत नुसते जंतू सापडले तर बहुतेकांना औषध लागत नाही, गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडून, हेही डॉक्टरांनी समजावलं. वहीत आता आठवा कोर्स आहे, त्याच्यापुढे तारीख, औषध, कल्चरचा निकाल आणि कारण. लेकीच्या नावानं दुसरी वही केली आहे.

डाव्या किडनीत तीन मिलीमीटरचा एक कण अजून आहे. गेल्या मार्चच्या सोनोग्राफीतही तेवढाच होता.

संडासाला दीड वर्ष लागलं. शाळा व्यवस्थापन समितीत मी तीनदा विषय मांडला. पहिल्या वेळी पुरुष मंडळी खाली बघत बसली. तिसऱ्या वेळी मी खड्याचा अहवाल आणि दवाखान्याचं बिल टेबलावर ठेवलं. ग्रामपंचायतीनं टाकी बसवली, नळ ओढला, मुलींसाठी आणखी दोन खोल्या बांधल्या. कुलूप निघालं. आता अकराला आणि दोनला शिपाई मामा जास्तीची घंटा देतात. तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी बाटली उघडून पाणी प्यायचं, मीसुद्धा. परवा सातवीतली एक मुलगी बाटली भरायला परत नळावर गेली. तिची सकाळची बाटली संपली होती.